मीठ सांगणारे मामा

टॉन्सिल काढले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. घसा सारखा सुजायचा, थुंकीसुद्धा गिळवत नसे. जालन्याला ऑपरेशन झालं, दूध-खिचडीवर दिवस काढले, घसा बरा झाला. पण चव गेली. गूळ कडवट लागायचा. खारट-आळणी तर काहीच कळेना. डॉक्टर म्हणाले, "क्वचित होतं असं. जिभेच्या नसेला धक्का बसतो. बहुतेकांची चव परत येते, पण वेळ लागतो."

थांबणार कशी? वडीगोद्रीला हायवेवर आमची खानावळ, आणि रस्सा माझ्याच हातचा. पहिल्याच दिवशी शेवभाजीत दोनदा मीठ पडलं. एक ट्रकवाला वाटी बाजूला सारून कोरडी भाकरी खाऊन उठला. मी मोरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मामा, म्हणजे माझे सासरे, शेगडीजवळ स्टूल घेऊन बसले. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. बारा वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. तळहात पुढं करून म्हणाले, "टाक थेंबभर."

चाटून त्यांनी डोळे मिटले. "मीठ बराबर हाय. तिखट कमी पडून राह्यलं."

मग रोज सकाळी तेच. तोवर आमचं बोलणं 'वाढू का' आणि 'बस' एवढंच होतं. आता ते रानातल्या मुक्कामाच्या गोष्टी सांगू लागले. एकदा म्हणाले, "तुझ्या सासूचं कालवण कायम आळणी असायचं. मी कधी बोललो न्हाई."

"मंग मला बरं रोज सांगता!"

"तू इचारतीस. तिनं कधी इचारलंच न्हाई." आणि ते कितीतरी वेळ हसत राहिले.

चार महिन्यांनी एका दुपारी गुळाचा खडा तोंडात टाकला, तो गोड लागला. मी कुणालाच सांगितलं नाही. तीन दिवस तशीच त्यांच्या तळहातावर थेंब टाकत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी हात पुढं केलाच नाही.

"सूनबाई, चव आली ना तुला?"

"कशावरून?"

"मीठ टाकल्यावर आधी माझ्या तोंडाकडं बघायचीस. आता बघत न्हाईस."

मी खाली मान घातली. "तिखटाचं अजून नीट कळत न्हाई, मामा."

"बरं," म्हणाले, आणि तळहात पुढं केला.