निळ्या जाळासाठी

‘नारायण गेला... छातीत कळ आली आणि संपलं,’ असा निरोप शेजारच्या टेलिफोन बूथवाल्याने आणला, तेव्हा पनवेलच्या माझ्या डेअरीत त्याच्याच गोठ्यातलं दूध तापत होतं. सकाळी दूध धाडणारा माणूस दुपारी जातो कसा? महिना होत आला, तरी माझा त्याच्यावरचा राग जात नाही.

तळोज्यापलीकडच्या गावात त्याचा गोठा. डॉक्टरांनी त्याच्या बायकोच्या, यमुनावहिनींच्या, डोळ्यांना चुलीचा धूर वर्ज्य सांगितला आणि हा पठ्ठ्या गोबरगॅसच्या मागे लागला. गॅस झाला, पण सडक्या अंड्यांसारखा वास! देवाची तांब्याची भांडीसुद्धा काळवंडली. ‘तुमचा ग्यास तुमालाच लखलाभ,’ म्हणत वहिनी पुन्हा चुलीपुढे बसल्या, सुजलेले डोळे पुसत. नारायणला ते बघवेना. गॅस गाळून घ्यायला त्याने चुन्याच्या निवळीचं पिंप जोडलं, पुढे गंजक्या लोखंडी किसाने भरलेला पाइप. वास गेला, जाळ निळा झाला. वहिनी शेगडीवर भाकऱ्या टाकू लागल्या.

काही आठवड्यांनी कीस काळा पडून निकामी झाला. उघड्यावर पसरला की पुन्हा गंजून कामाला येतो, एवढं नारायणला कळलं होतं. पण पसरताना ओला ठेवायचा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गावात सुकट वाळवतात तसा त्याने तो गोणपाटावर, कडक उन्हात, पेंढ्याच्या उडवीशेजारी पसरला. मी तिथेच चहा पीत होतो. हवा लागताच कीस आतून तापत गेला. गोणपाटातून आधी धूर, मग जाळ... आणि उडवीच्या पलीकडे गॅसची टाकी! नारायण कॉक बंद करायला धावला. मला काही सुचेना. वहिनींनी टाकीत ओतायला कालवलेलं शेण घमेल्याघमेल्याने त्या जाळावर फेकलं. उडवीची कड करपली, तेवढ्यावर निभावलं.

‘मोडून टाकतो ह्ये सगलं,’ नारायण म्हणाला.

‘आनि मी परत धुरात बसू?’ वहिनी कडाडल्या. ‘ओला ठेवा, आनि थंड होईस्तो जवल बसा.’

तेव्हापासून तो बसायचा. पाहुणे येवोत, वऱ्हाड निघो, कीस निवेपर्यंत हा पाण्याची बादली घेऊन तिथेच. मी त्यावरून त्याला किती छळलं...

नारायण गेला त्या दिवशी संध्याकाळी आम्ही स्मशानातून परतलो. वहिनी ओटीवर दिसेनात, म्हणून मागे गेलो. किसाच्या काळ्या ढिगापुढे बसून त्या पाणी शिंपडत होत्या.

‘वहिनी, उठा आता. मी बसतो.’

त्यांनी माझा हात धरून ढिगावर ठेवला.

‘सकाली त्यांनीच काडलाय,’ त्या म्हणाल्या. ‘अजून गरम हाय.’