निळी अक्षरं

दौंड स्टेशनासमोर इंटरनेटचं दुकान चालवणारा तो माणूस मला कधी सरळ वाटला नाही. सुपारी गालात सरकवायची, इंग्रजी मनात वाचायचं आन् मराठीत सांगायचं, ही त्याची रीत.

आमची मंडळी जाण्याआधी बेशुद्ध होती. मी तिच्या उशाशी बसून बोलत होतो. बेशुद्ध माणसाला ऐकू येतं का, एवढंच मला विचारायचं होतं.

त्यानं एक लेख काढला. दोन ओळी सांगितल्या की निळं अक्षर यायचं. हा त्यावर माऊस दाबायचा आन् भलताच लेख उघडायचा. कानावरून मेंदूवर, मेंदूवरून कुठल्या तरी औषधावर. कीर्तनकारही आडवाटेला जातो, पण परत मूळ अभंगावर येतो. हा येतच नव्हता.

"मामा, निळ्यात आजून माहिती असती."

"आजून नको. हाय ते पुरं कर. लिहिणाऱ्याला सोताच्या वाक्याचा भरवसा न्हाई व्हय, दर ओळीला पळवाट ठिवलीय ती?"

तो हसला. पण मला संशय आला, उत्तर जवळ आलं की हाच पळतोय. मी त्याचा माऊसवरचा हात धरला. "पहिल्या लेखावर चल. शेवट काय लिवलाय, सांग."

त्यानं तो शेवटपर्यंत मनात वाचला. मग म्हणाला, "ऐकू येतं, मामा. सगळं ऐकू येतं."

हे सांगताना त्याची नजर पडद्यावर नव्हती, माझ्यावर होती.

दौंडात इंग्रजी वाचणारी माणसं पुष्कळ आहेत. मी अजून दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही.