आधी नाव सांग

"आधी नाव सांग. काय झालं ते नंतर."

समोरचं पोर घाईघाईनं उत्तर देऊ लागलं की वहिनी हात आडवा धरून त्याला थांबवायच्या. त्या हातात बहुतेक वेळा अर्धी निवडलेली मेथीची जुडी असायची, त्यामुळे त्या दटावण्याची भीती कुणालाच वाटली नाही.

इथे आखातात, अल अमेरातला आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर त्या राहत. त्यांचे मिस्टर ऑफिसात माझे वरिष्ठ. आम्ही त्यांना सर म्हणायचो, घरीसुद्धा. वहिनींनी लग्नाआधी नांदेडला कॉलेजवर दोन वर्षं इतिहास शिकवला होता. इथे आल्यावर नोकरी मिळाली नाही, मूलबाळ झालं नाही, तेव्हा त्या बिल्डिंगमधल्या मुलांना घरी बोलावून शिकवू लागल्या. अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. दाराबाहेर चपला दहा-बारा जोड, आणि त्यातली घरच्यांची एकही नाही.

माझ्या मुलीला शाळेत इंग्लंडच्या आठव्या हेन्रीवर प्रोजेक्ट आला. सहा लग्नं करणारा राजा. मुलीनं मोबाइलवर शोधून सहा राण्यांचा शेवट पाठ केला, कुणाला सोडलं, कुणाचं डोकं उडवलं, आणि वहिनींसमोर घडाघडा म्हणून दाखवला. वहिनींचा हात मेथीसकट आडवा आला.

"ती माणसं होती की परीक्षेचे निकाल? आधी नाव सांग."

मग बाल्कनीतल्या सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या हॉलमध्ये आल्या. प्रत्येक खुर्चीवर एक राणी. राजा म्हणजे सोफ्यावर टेकवलेला लोड, आणि लोडाला सरांचा टाय. राणीचं पद गेलं की तिनं खुर्ची उचलून बाल्कनीत जायचं, पण काचेचं दार उघडं ठेवायचं आणि पुढचं सगळं ऐकायचं, असा नियम होता. एकदा सर लवकर घरी आले. लोडाकडे बघून मी मोठ्यानं हसलो. सरांनी टाय ओळखला, ते हसले नाहीत. मग मीही हसायचं थांबवलं. माझं हसणं त्या काळात असंच चालायचं, वरून परवानगी आली तर.

माझी मुलगी चौथी राणी होती. त्या राणीनं वाद न घालता लग्न मोडू दिलं, तिला राहायला घरं मिळाली आणि ती राजाच्या नंतरही जगली.

"काकू, आय गॉट द बेस्ट डील ना?"

"डील नाही गं. दार कुठे आहे ते तिनं वेळेत बघून ठेवलं होतं."

पण वहिनींचा जीव पहिल्या राणीवर. वीसएक वर्षांचा संसार, त्यात एक मुलगी तेवढी जगलेली, आणि राजाला गादीला मुलगा हवा. दुसरी वाड्यात वावरू लागली तरी राजाचे सदरे हीच शिवत होती, हे सांगताना वहिनी हातातली भाजी खाली ठेवायच्या. मग एका सकाळी राजा शिकारीला म्हणून निघून गेला. निरोपही घेतला नाही. ती त्याला पुन्हा कधी दिसली नाही.

"राजा मॅड होता का?" मुलीनं विचारलं.

"मॅड कशाला? त्याला नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच." मी मुलीला न्यायला दारात उभा होतो. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "दरबारी माणसं वाईट नसतात हो भाऊजी. त्यांना फक्त घाई असते."

मी त्यावरही हसलो.

सरांच्या आई त्या वर्षी तीन महिने राहून गेल्या. घराण्याला वारस नाही, हा विषय जेवताना, फिरताना, अगदी लिफ्टमध्येसुद्धा निघायचा. घराणं म्हणजे नांदेडला एक टू बीएचके आणि इथे कंपनीचा फ्लॅट. वहिनी ऐकून घ्यायच्या आणि सासूबाईंच्या ताटात भाकरी वाढायच्या.

त्याच सुमारास सर प्रोजेक्ट मॅनेजर होणार असं पक्कं झालं. त्यांची खुर्ची रिकामी होणार होती. तिच्यावर बसायला मी एक आणि केरळचा एक सहकारी, असे दोघे टपलेलो. नाव सर सुचवणार होते.

एके दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मिसेसच्या भाचीचं लग्न आहे. तिकीट काढ. वन-वे काढ, रिटर्नचं नंतर बघू." त्यांनी पासपोर्टची कॉपी पुढे सरकवली. मी तिथेच बसून वहिनींचं नाव एकेक अक्षर बघत टाइप केलं. वन-वे का, हे मी विचारलं नाही. विचार मनात आला होता, तरी मी पेमेंटचं बटण दाबलं.

जायच्या दिवशी सर भल्या सकाळी दुक्मच्या साइटवर निघून गेले. एअरपोर्टला वहिनींना मी सोडलं. गाडीत त्या म्हणाल्या, "यांचे पंधरा दिवसांचे शर्ट इस्त्री करून लावलेत. निळ्याचं बटण तुटलं होतं, तेही लावलं. सांगाल ना? सकाळी मी उठले तोवर हे गेलेले." मी हो म्हणालो आणि एसी वाढवला.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, मग चार. सर वहिनींना फोनवर कारणं देत राहिले. फ्लॅट बदलतोय, काम वाढलंय, उन्हाळा आहे. इथला नियम तुम्हाला माहीत असेल. सहा महिने देशाबाहेर राहिलं की रेसिडेन्स आपोआप खलास होतो. मग पुन्हा यायचं तर व्हिसा नवऱ्यानंच काढायला हवा. सरांना काहीच करायचं नव्हतं. त्यांना फक्त कॅलेंडर बघायचं होतं, आणि ते बघताना मी त्यांना पाहिलं होतं.

सहावा महिना संपायला नऊ दिवस असताना वहिनींचा फोन आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो.

"जय भीम, भाऊजी. हे फोन उचलत नाहीत. सहा महिने होत आलेत. मी माझं तिकीट काढून सरळ येऊ का? तुम्ही सांगाल तसं करते."

त्यांना कुणीतरी या म्हणायला हवं होतं. मी या म्हणालो असतो तर त्या चार दिवसांत आपल्या घराची बेल वाजवत उभ्या राहिल्या असत्या. पुढे काय व्हायचं ते झालं असतं, पण समोरासमोर झालं असतं. माझ्या बढतीचा कागद त्या दिवशी सरांच्या टेबलावर सहीसाठी होता.

"घाई करू नका वहिनी," मी म्हणालो. "सर बघतायत. होईल, इन्शाल्ला."

"बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे ठीक आहे."

याची लाज मला आजही वाटते. जेवताना वाटते, सरांना गुड मॉर्निंग म्हणताना वाटते. त्या मला विचारत होत्या, कारण दरबारात आपलं एक माणूस आहे असं त्यांना वाटत होतं.

खुर्ची मला मिळाली. घटस्फोटाचे कागद नांदेडला गेले. पहिल्या राणीनं लग्न मोडायला शेवटपर्यंत होकार दिला नव्हता; वहिनीही काही दिवस सही करत नव्हत्या म्हणे, मग केली. माझ्या बायकोनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हणालो, "ऑफिसच्या गोष्टी वेगळ्या असतात."

दीड वर्षानं सरांनी नवी बायको आणली. स्वागताच्या जेवणाची भाजी अल मवालेहच्या मार्केटमधून मीच आणली. पाहुणे जास्त झाले, तेव्हा बाल्कनीतल्या सहा खुर्च्या आत आल्या. माझी मुलगी आता दहावीत आहे. ती त्यातल्या एकीवरही बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली,

"बाबा, काकूंचं नाव काय होतं? आय ऑलवेज सेड काकू."

मला नाव माहीत होतं, स्पेलिंगसकट. सर ताट घेऊन आमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

"नंतर सांगतो," मी म्हणालो.

अजून सांगितलेलं नाही. आता हे लिहितानाही पहिल्यापासून बघा, वहिनी, नुसतं वहिनी. माझ्या अप्रेझलवर अजून सरांचीच सही असते. काय झालं ते मी तुम्हाला सगळं सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नाही.