किसन मास्तरांचं ब्रेल पुस्तक

“वकीलसाब, म्या चोरी केली का हो?” किसन मास्तरांनी टेबलावर नोटीस ठेवली, पण हात तिच्यावरून उचलला नाही.

मास्तर राजूरचे. लहानपणी देवी आल्या आणि डोळे गेले. ब्रेल, म्हणजे कागदावर टोचलेले ठिपके बोटांनी वाचायची लिपी, ते मुंबईला शिकून आले होते. त्यांची पुतणी रखमाही आंधळी. तिला सातवीला बसवायचं म्हणून त्यांनी बायकोकडून इतिहासाचं पुस्तक वाचून घेतलं आणि वर्षभर बसून टोचून काढलं. ब्रेल जाडजूड असतं. एका पुस्तकाचे चार भाग झाले. आणखी कुणी मागितलं तर कागदाच्या खर्चात देऊ का, असं त्यांनी आपणहून प्रकाशकाला विचारलं. तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

उत्तर आलं प्रकाशकाच्या वकिलाकडून. तुम्ही कॉपीराइट, म्हणजे पुस्तकाची नक्कल करण्याचा आमचा हक्क, मोडलात. पंधरा दिवसांत चारही प्रती नष्ट करा, नाहीतर चार पुस्तकांची किंमत भरा. मी चाटच पडलो. एका पुस्तकाचे चार भाग, आणि हा गृहस्थ चार पुस्तकं मोजतो!

कायदा काढला. स्वतःच्या अभ्यासापुरती सूट होती. आंधळ्यांना पुस्तक करून देण्याबद्दल तेव्हा एक ओळ नव्हती.

“मी थेट प्रकाशनाच्या मालकांना लिहितो,” मी म्हणालो.

“जल्दी करा साब. परीक्षा महिन्यावर आली. पोरगी रोज वाचून राह्यलीय.”

मुदतीचं मी मनावर घेतलं नाही. अशा मुदती आम्ही वकील रोजच लिहितो.

सतराव्या दिवशी मालकांचं पत्र आलं. ‘छापील पुस्तक विकत घेतलंय ना? मग खुशाल प्रती करा, कागदाच्या खर्चात द्या.’ मी आनंदाने एस.टी.नं राजूर गाठलं.

मास्तर ओट्यावर बसून वाटीच्या बुडानं एकेक पान घासत होते. ठिपके सपाट होत होते. तीन भाग संपले होते. शेजारी रखमा चौथा मांडीवर घेऊन भराभर बोटं फिरवत होती; तो संध्याकाळी घासायला द्यायचा होता.

“मास्तर, हे काय?”

“मुदत गेली ना, साब. हुकूम हाय, मोडावा कसा? कागद चांगला हाय म्हणून जाळला न्हाई.”

“अहो, तो हुकूम नव्हता! नुसती नोटीस होती!”

“मंग तुमी त्या दिशी तसं का बोलला न्हाई?”

हे सांगावं लागतं, हेच मला सुचलं नव्हतं. रखमाचं ते वर्ष गेलं.

आता कुणी नोटीस घेऊन आलं की मी आधी सांगतो, हा हुकूम नाही, घरी जाऊन काही करू नका. कायद्याचं पुस्तक त्यानंतर उघडतो.