हळदीच्या गोडाऊनातला समुद्र

आमच्या टीममधली दोन माणसं टपरीवर भेटली की चहा गार झालाच म्हणून समजा. एकानं नुसतं "तो धोंडा आठवतो का रं?" म्हणायचं, की दुसरा कप खाली ठेवून सुरू! टपरीवाला आता कप हातात देतानाच सांगतो, "आधी प्या, मग बोला."

आम्ही म्हणजे सांगलीत यूट्यूबसाठी मालिका करणारी मंडळी. लोककथा, राजे, राक्षस, जादू, सगळं. दिग्दर्शक अजितदादा. त्यांच्या काकांचा हळदीचा व्यापार, म्हणून आमचा स्टुडिओ म्हणजे काकांचं रिकामं गोडाऊन. सेट रंगवायला नीलमताई, त्या आधी दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. आणि स्पेशल इफेक्ट्सला मी. एरवी लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करतो. बजेट? ते विचारलं की अजितदादा विषय बदलतात.

*

पहिल्याच दिवशी राजदरबार लावला. पुठ्ठ्याचे खांब, प्लायवूडवर रंगवलेला संगमरवर. कॅमेऱ्यातनं बघितलं तर दरबार कसला, शाळेचं गॅदरिंग! अजितदादांचं तोंड उतरलं.

तेवढ्यात कुणीतरी कोपऱ्यातली जुनी पोती ओढली. हळदीची धूळ उडाली, आणि पत्र्याच्या फटीतनं येणारं ऊन त्या धुळीत अडकलं. दारापासून सिंहासनापर्यंत सोन्याचे पट्टे! पुठ्ठ्याचे खांब झळाळायला लागले. आम्ही सगळे आ वासून उभे.

"लाइट कुणी लावली ही?" अजितदादांनी हळूच विचारलं.

"सूर्यानं!" नीलमताई ओरडल्या. "बघताय काय? रोल करा, जाईल ती!"

राजानं अख्खा संवाद शिंक दाबून म्हटला. मालिकेखाली आजही कमेंट येतात, 'महाराजांच्या डोळ्यांतलं पाणी बघून अंगावर काटा आला!'

*

एका भागात समुद्र हवा होता. कोकणात जाऊया म्हटलं, तर अजितदादांनी विषय बदलला. मग नीलमताईंनी भिंतभर कापडावर समुद्र रंगवला. लाटा, फेस, लांबवर शिडाचं होडकं.

आमच्यात म्हाताऱ्यांची सगळी कामं करतात ते आबा. जतच्या दुष्काळी भागातले, मेंढरं राखण्यात आयुष्य गेलेलं. खरा समुद्र त्यांनी कधी बघितलेला नाही. कापड टांगल्यावर ते जवळ गेले आणि लाटांवरनं हात फिरवायला लागले.

मग म्हणाले, "येवढं पानी... आन् कुनाचंच न्हाई?"

दुपारी आबा भाकरी घेऊन थेट समुद्रासमोर जाऊन बसले. भर उन्हाळा, वर पत्रा तापलेला. "आबा, तिकडं कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "हितं गार लागतंय."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी नीलमताई डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या. मग मी. मग कॅमेरावाला. पुढं पुढं सगळं युनिटच किनाऱ्यावर जेवायला लागलं. शेवटी एक दिवस अजितदादा पण आले. बसायच्या आधी त्यांनी काय केलं असेल?

पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली!

*

मेढ्याजवळच्या डोंगरावर राक्षस धोंडा उचलतो असा सीन होता. धोंडा थर्माकोलचा, पण नीलमताईंनी त्यावर शेवाळ, भेगा, पाण्याचे ओघळ असे काही काढले होते, की आमचा राक्षस, जो एरवी जिम चालवतो, तो उचलायच्या आधी कंबरेला पट्टा बांधायला लागला!

त्यानं धोंडा डोक्यावर नेला आणि वारा आला. धोंडा सुटला. कड्यावरनं अलगद, तरंगत, पाखरासारखा दरीत निघाला. खाली गवत कापणाऱ्या बायका ओरडल्या, "आगं, डोंगर सुटला!"

आम्ही काळीज मुठीत धरून खाली पळालो. अर्ध्या वाटेत एक आजी वर येताना दिसल्या. डोक्यावर गवताचा भारा, आणि काखेत आमचा धोंडा.

शिंगं लावलेल्या, धापा टाकणाऱ्या राक्षसाकडं त्यांनी निवांत बघितलं.

"तुजा का रं ह्यो? धर. आन् बांधून ठेवत जा."

*

लढाईच्या सीनला रक्त लागतं. आम्ही काकवीत बीट मिसळून केलं. रंग एक नंबर! फक्त मुंग्यांचा विचार कुणी केला नव्हता. त्या लढाईत एकही मुडदा जागेवर पडून राहिला नाही.

*

आमची राणी म्हणजे पूजा. ऐन शूटिंगच्या तोंडावर तिचं लग्न झालं. हातात हिरवा चुडा. सासूबाईंनी बजावलेलं, "चुडा उतरायचा न्हाई." आणि मागं आमचा हिरवा पडदा!

मागं महाल बसवायला कॉम्प्युटरवर पडद्याचा हिरवा रंग काढला, तर चुडाही गेला, मनगटंही गेली. राणीचे पंजे नुसते हवेत तरंगायला लागले. अजितदादांना बोलावून दाखवलं.

ते खुर्चीतनं उठलेच नाहीत. "हे कसं केलंस?"

"केलं नाही दादा, झालं."

"बाहेर बोलू नको. राणी आज मेली. उद्यापासून ती यक्षीण!"

पूजा बिचारी घाबरली, सासरी काय सांगायचं? तिनं तिथंच सासूबाईंना फोन लावला. पलीकडनं आवाज आला, "चुडा ऱ्हायला न्हवं? मग यक्षीण काय, हडळ करा!"

*

शेवटच्या भागात गाव पुरात बुडतं. गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची मोठी काहील आणली आणि नीलमताईंनी तिच्यात पुठ्ठ्याचं गाव उभं केलं. घाट, देऊळ, पार, कौलारू घरं. एका दोरीवर तर चिमटीएवढी लुगडी वाळत घातलेली! पुठ्ठा भिजला की संपलं, त्यामुळं टेक एकच मिळणार होता.

अजितदादांनी ॲक्शन म्हटलं. मी पाणी सोडलं. घाट गेला. पार गेला. पाणी उंबऱ्यांना लागलं, आणि गोडाऊनमधली कुजबूज आपोआप थांबली. सांगलीची माणसं. महापुरात कुणाचं घर पाण्यात गेलं नव्हतं?

शेवंतामावशी आमच्याकडं झाडलोट करायच्या, चहा करायच्या. त्या पदर तोंडाला लावून काहिलीजवळ उभ्या होत्या. लुगड्यांची दोरी पाण्याखाली जाताना त्या एकदम पुढं आल्या. कॅमेरा चालू असताना त्यांनी हात घातला आणि कडेचं एक घर अलगद वर उचललं.

"येवढं एक ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

कट म्हणायला हवं होतं. नीलमताईंनी अजितदादांकडं बघितलं. दादांचं गावही नदीकाठचंच. ते मान खाली घालून उभे होते. पाणी चढत चढत कळसाच्या वर गेलं, आणि मगच ते "कट" म्हणाले.

तो शॉट आहे तसा मालिकेत आहे. गाव बुडतं. आभाळातनं सुरकुतलेला, काकणं घातलेला एवढा मोठा हात खाली येतो, आणि एक घर उचलून नेतो.

अजून मला फोन येतात, पुण्याहून, मुंबईहून. "सर, तो हात कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलात?"