मोंतारेलचं खरेदीखत

सकाळी सहा चाळीसला चारुता केळशीकर अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या कचेऱ्यांच्या भागात, एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर एका फ्रेंच दस्ताचा फोटो स्क्रीनवर मोठा करून वाचत होती. दिवस ११ नोव्हेंबर २०१४, मंगळवार. दस्त १४३८ सालचा. फ्रान्सच्या दप्तरखान्यातून तो आदल्या संध्याकाळी आला होता, म्हणून ती आल्मेरेहून पहाटेच्या गाडीने आली होती.

आठ वाजता मार्लूस येणार होती. मार्लूसची संस्था लोकांना त्यांच्या घराण्याचा इतिहास शोधून देते. चारुता तिथे जुने कागद वाचते. पुण्यात फ्रेंचमध्ये एम.ए., त्याआधी वडिलांच्या हट्टापायी मोडी. गिचमिड अक्षर तिला लागतं. तिचा एक वर्षाचा करार महिनाअखेर संपत होता. कायम झाली असती, तर संस्था तिच्यासाठी स्वतंत्र निवास परवाना मागणार होती. आजवरचा परवाना नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला, आणि श्रीनिवासने ऑगस्टमध्ये घटस्फोटाचा अर्ज केला होता. नोकरी गेली तर परत सातारा.

हे सगळं एका पुस्तकावर अडलं होतं. लायडनच्या एका निवृत्त दंतवैद्याचं घराणं, द मोंतारेल, म्हणजे ‘मोंतारेलचे’. मोंतारेल म्हणजे एक लहानशी जहागीर: एक गढी, दोन गावं, एक पाणचक्की. चारुताने १२१४ पासूनची अखंड वंशावळ लावून दिली होती. पुस्तक दहा वाजता छापायला जायचं होतं.

दस्त सांगत होता की निपुत्रिक जहागीरदार गी याने मोंतारेल विकलं. घेणारा जाँ पेल्तिये, कातड्याचा व्यापारी. दोन वर्षांनंतरच्या कागदावर तोच ‘जाँ द मोंतारेल’ झाला होता. चारुताने त्याला गीचा मुलगा धरलं होतं. नाव तेच, गाव तेच. शंका येण्याचं कारण नव्हतं. केळशीकरांनी केळशी सोडून दोनशे वर्षं झाली, तिथे त्यांची तसूभर जमीन नाही, आणि आडनाव मात्र कुणी हिरावून घेतलेलं नाही.

तिने साताऱ्याला फोन लावला. तिकडे अकरा वाजून गेले होते. वडील, दामोदर केळशीकर, निवृत्त तलाठी.

“बाबा, गाव विकत घेतलं म्हणून कुणी गावाचं नाव लावतं का?”

“चिपळुणात प्लॉट घेऊन तू चिपळूणकर होशील का?”

“मी तेच धरून बसले. इथे जमिनीबरोबर नावही गेलं.”

“वेडाबाई! आधी खरेदीखत बघायचं, नाव मागून. जन्मभर हेच सांगितलं लोकांना.”

“ते कालच हाती आलं. दहाला पुस्तक छापायला जातंय.”

“मग गप्प बस. सहाशे वर्षांपूर्वीचा फेरफार कोण तपासतोय?”

“तुम्ही बसला असतात?”

“मी तलाठी होतो, चारू. पुष्कळदा बसलो. त्यातलं एकेक अजून आठवतं. तू तुझं बघ.”

आठला मार्लूस आली. तिने अजून कोटही काढला नव्हता.

“छपाई थांबव,” चारुता म्हणाली. “दंतवैद्य जहागीरदाराचे नाहीत, कातडीवाल्याचे वंशज आहेत. चूक माझी.”

मार्लूसने दस्त वाचला, भाषांतर वाचलं, पुन्हा दस्त पाहिला.

“तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं.”

“नसतं कळलं.”

“आता हे त्यांना सांगून मार खायचा मी.”

ती फोन घेऊन काचेच्या खोलीत गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली. दंतवैद्यांना पुस्तक नको होतं. त्यांच्याकडून पुढे येणार असलेली भावाच्या सासरची आणि चुलतभावाची कामंही गेली होती.

“तुला कायम करण्याइतकं काम आता माझ्याकडे नाही,” मार्लूस म्हणाली. “गोल गोल बोलत नाही. महिनाअखेरपर्यंत ये. वंशावळ मात्र बरोबर करून दप्तरी लाव. ते घेवोत न घेवोत.”

चारुताने मान हलवली. करारातला कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, २८ नोव्हेंबर. त्यानंतर कोणत्या कागदावर राहायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही. तिने नवी फाइल उघडून पहिल्या ओळीत जाँ पेल्तियेचं नाव टाकलं, बापाची जागा कोरी ठेवली.

ऑफिसची एक किल्ली तिच्याकडे असते. उद्या बुधवार. मार्लूस आठला येते, चारुता त्याआधी, त्यामुळे दार तीच उघडेल.