झेंड्याच्या गाडीला सॅल्यूट

कुठल्या तोंडाने सांगू? पण सांगतोच. अर्ध्या नेरूळने माझा तो पराक्रम बॅनरवर पाहिलाय, आता लपवून काय उपयोग? घ्या, चहा घ्या आधी.

मी रिटायर्ड सुभेदार. मूळ साताऱ्याकडचा, उभी हयात एकाच पलटणीत काढली. आणि आमच्या वॉर्डातला हा नेता बघा! पाच वर्षांत तीन पक्ष! टीव्हीसमोर ओरडून ओरडून माझा घसा बसला. आता तर चीडही येत नाही हो, नुसता वीट येतो.

त्यात सोसायटीत पाण्याची बोंब. नळाला करंगळीएवढी धार. बादल्या उचलून उचलून बायकोची कंबर गेली. निवडणुकीच्या तोंडावर नेता भेटीला येणार म्हटल्यावर सेक्रेटरी प्रधान माझ्याकडे आले.

"सुभेदारसाहेब, तुम्हीच बोला. आमची ततपप होते."

"बोलतो की! असा सुनावतो, की पुन्हा पक्ष बदलायची छाती होणार नाही!"

"पक्षाचं राहू द्या," आतून बायको. "आधी पाण्याचं विचारा."

आता मधेच एक सांगायला हवं. ट्रेनिंगमध्ये आमचे उस्ताद मैदानातून झेंडा लावलेली जीप फिरवायचे. एकदा आत कुणी साहेब दिसेना, म्हणून मी सॅल्यूट मारला नाही. उस्ताद कडाडले, "आदमी मत देख! झंडा देख, झंडा!" आणि त्या रिकाम्या जीपला मला दुपारभर सॅल्यूट मारायला लावलं. ते शिक्षण डोक्यात नाही, हाडात गेलं.

तर रविवारी सगळी सोसायटी गेटवर. सगळ्यांच्या पुढे मी, ब्लेझर घालून, भाषण तोंडपाठ. एवढ्यात पांढरीशुभ्र गाडी आत वळली. बॉनेटवर झेंडा फडफडतोय!

झालं! टाच आपटली, छाती पुढे, हात खाडकन कपाळाला!

काच खाली आली. आत एकटा ड्रायव्हर, वडापाव खात बसलेला. तो बिचारा घाबरून वडापावसकट हात जोडून मोकळा झाला.

नेता मागून चालत येत होता. "वा! याला म्हणतात प्रेम! फोटो काढ रे!" म्हणत माझ्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, हात खाली घ्यायचा ना! अहो, गाडी समोरून जाईपर्यंत हात खाली घ्यायचा नसतो. आणि गाडी माझ्यासमोरच थांबलेली!

"काही अडचण?" नेत्याने विचारलं.

प्रधान माझ्याकडे बघतायत. पण सॅल्यूटमध्ये तोंडही उघडायचं नसतं! शेवटी मागून बायको कळवळून ओरडली, "पाणी! पाणी!"

"अरे, ताईंना पाणी द्या कुणीतरी!" नेता म्हणाला. तिच्या हातात एक बाटली आली आणि लवाजमा पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर. त्यावर मी, हात कपाळाला. पंधरा दिवसांत नेत्याने चौथा पक्ष धरला. नवा बॅनर लागला. झेंड्याचा रंग बदलला, फोटो तोच. त्याच्याकडे एवढे कार्यकर्ते आले नि गेले, पण निष्ठावंत असा मी एकटाच!

काल एकदाचा पाण्याचा टँकर आला. पुढे हाऽ मोठा झेंडा. आम्ही दोघं बाजारातून परतत होतो. बायकोने आपल्या दोन्ही पिशव्या गुपचूप माझ्या उजव्या हातात कोंबल्या.

"अगं, एक डाव्या हातात दे की!"

"नको. उजवा रिकामा राहिला तर तुमचा भरवसा नाही."

टँकर समोरून गेला. हात जागचा हलला नाही, शपथेवर सांगतो.

टाच मात्र आपटलीच.